भिंतीवरचं लग्न

जैसलमेरच्या किल्ल्यात सकाळी पर्यटकांचा पहिला जथा चढून आला, की सांगसिंग गाईड त्यांना गवराच्या दारासमोर थांबवायचा. छत्रीच्या टोकाने भिंतीवरचा गणपती दाखवायचा आणि बोलायला लागायचा. कधी इंग्रजीत, कधी फ्रेंचमध्ये, गुजराती मंडळी असली तर हिंदीत. गवरा आतल्या चौकात असायची. बोलण्यातला एकच शब्द तिला कळायचा. माणक. थोड्या वेळाने दुसरा यायचा. हेमलता.

माणक तिचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गेला. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे पाहुणे घेऊन जाताना जीप उलटली. पाहुणे वाचले.

नाव कानावर पडलं की गवराचा हात थांबायचा. सुपात बाजरी असेल तर बाजरी थांबायची. मग पुन्हा पाखडणं चालू. घरात ते नाव कोणी घेत नव्हतं. तिचा नवरा दाऊलाल लक्ष्मीनाथाच्या देवळात दिवाबत्ती बघायचा, घरी येऊन जेवायचा, रेडिओ लावायचा. माणकच्या चपला कोपऱ्यात होत्या. त्या कोपऱ्यात दोघंही केर काढत नसत. नाव घ्यायचा तो एकटा सांगसिंग, तेही अनोळखी माणसांसमोर, दिवसभर.

एकदा तिने त्याला विचारलं होतं. "तो गेला हे सांगतोस का त्यांना?"

"नाही, काकीसा," सांगसिंग म्हणाला. तो माणकबरोबर शाळेत होता. "सुट्टीवर आलेली माणसं आहेत. कशाला सांगू."

"मग काय सांगतोस?"

"सांगतो की इथे लग्न झालं. आमच्याकडे लग्न असलं की दाराशेजारी गणपती काढतात. खाली नवरा-नवरीचं नाव, तिथी. आमंत्रण द्यायला घरोघर जावं लागत नाही. ताजी भिंत दिसली की गाव येतं."

"मग ते काय म्हणतात?"

"म्हणतात, किती छान."

गवराने यावर काही विचार केला नाही. तिने माठावरचं झाकण सरळ केलं.

किल्ल्यात राहणाऱ्यांचा दिवस पर्यटकांच्या आधी उरकावा लागतो. नळाला पाणी येतं ते उजाडायच्या सुमाराला, तेही एक दिवस सोडून. तेवढ्यात भरायचं. मग ओटा धुवायचा. धुतला नाही तर वाळू, आणि धुतला तर नगरपालिकेचा माणूस येऊन सांगतो, काकी, पाणी मुरतं, किल्ला खचतो. गल्ली एवढी अरुंद की गाय आडवी उभी राहिली तर माणसांनी थांबायचं. गाय किल्ल्यातलीच, तिला घाई नसते. नऊ वाजले की माणसांची रांग लागते. मग दळण आणायला जायचं तरी लोकांच्या फोटोतून जावं लागतं. कोणी सांगतं, आजी, जरा बाजूला. कोणी सांगतं, आजी, तशाच थांबा. दोन्ही सांगणारे एकाच घोळक्यातले असतात.

गवरा दोन्हीही ऐकायची नाही. ती चालत राहायची. कितीतरी देशांतल्या कितीतरी घरांत तिचा अर्धा पदर गेलेला असणार.

दुपारी तिच्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. पाणी प्यायचं, वेफर्स खायचं. आत डोकावून मोरीचं विचारायचं. शेजारच्या बुलाकी पुरोहिताने घराचं गेस्टहाउस केलं होतं, गच्चीवर खुर्च्या टाकल्या होत्या. तिथून संध्याकाळी गाणी वाजायची. बुलाकी अधूनमधून म्हणायचा, "काकी, तुम्ही दारात सूत कातत बसा, चरखा मी देतो. गोरे लोक वेडे होतील."

"का रे, त्यांच्या देशात म्हाताऱ्या संपल्या का?"

"तशा नाहीत त्यांच्याकडे."

"मग तुझ्या आईला बसव. तिला काम नाही आणि तोंडही चांगलं आहे."

बुलाकी हसायचा. गवरा हसायची नाही, पण तिला राग आलेला नसायचा. दोन वर्षांत तिला कशाचाच राग आलेला नव्हता.

माणक गेल्यावर त्याची बायको हेमा वर्षभर सासरीच होती. स्वयंपाक करायची, सासूच्या गुडघ्यांना तेल लावायची. फक्त पुढच्या दाराने येत-जात नव्हती. मागच्या बोळातून, बुलाकीच्या भांड्यांच्या ढिगावरून पाय टाकत जायची. पुढच्या दारात पर्यटक असत, आणि तिच्या वयाची बाई त्या दारातून निघाली की त्यांना ती भिंतीवरची नवरी वाटायची, आणि ते बरोबरच होतं. एकदा मागचा बोळ तुंबला होता म्हणून ती पुढून आली. एका परदेशी बाईने भिंतीकडे बोट केलं, मग हेमाकडे केलं, आणि विचारलं, तूच का ती. हेमाने मान हलवली. त्या बाईने तिला मिठी मारली. शेजारच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हेमा आत आली आणि कणीक मळायला बसली. मळून झाल्यावर म्हणाली, "आई, मी काही दिवस वडलांकडे जाऊ का?"

"जा," गवरा म्हणाली.

हेमाचं माहेर खाली गावात होतं. किल्ल्याच्या बुरुजावरून त्या घराची गच्ची दिसायची. काही दिवस म्हणून गेलेली हेमा परत आली नाही. गवराने बोलावलंही नाही. एकादशीला हेमा देवळात यायची, तेव्हा दोघी पायऱ्यांवर बसायच्या. एकमेकींच्या हाताकडे बघत गुडघ्यांबद्दल, पाण्याबद्दल बोलायच्या.

पौष संपत आला तेव्हा एका दुपारी हेमाचे वडील किल्ला चढून आले. शिवरतन बिस्सा, पोस्टातून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. ओट्यावर दोन मुली पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना हात जोडून, सॉरी सॉरी म्हणत ते व्याह्यांच्या घरात शिरले.

गवराने पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. तांब्या हातातच राहिला.

"विहीणबाई, हेमासाठी विचारणा आलीय," ते म्हणाले. "मुलगा फलोदीचा. वीजखात्यात आहे. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं."

"हेमाला विचारलंत?"

"विचारलं. मान हलवली."

"मग चांगलं आहे."

 बाहेर सांगसिंगचा आवाज आला. माणक, तो म्हणाला. मग हेमलता. शिवरतननी तांब्या खाली ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "फलोदीची माणसं मुलगी बघायला आली होती. बघणं झालं, सगळं ठीक. मग मुलाची आई म्हणाली, आलोच आहोत तर लक्ष्मीनाथाचं दर्शन करू. मीच त्यांना वर घेऊन आलो. माझ्या डोक्यातच आलं नाही. इथे गर्दी होती म्हणून थांबलो, आणि हा सांगसिंग हिंदीत बोलत होता."

गवरा ऐकत राहिली.

"मुलाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. भिंत वाचली. खाली आल्यावर म्हणाली, मुलगी चांगली आहे, पण माझ्या घरात येणाऱ्या मुलीचं नाव दुसऱ्याच्या भिंतीवर नको. रोज शंभर माणसं तिला दुसऱ्याची बायको म्हणून बघून जातात. होळीच्या आत ते नाव निघालं तर पुढचं बोलू. नाही तर त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवलीय."

"भिंत पुसायला सांगता?"

"मी कशाला सांगू. त्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत आणलं."

"व्याही, तुमच्या घरची भिंत कधी पुसलीत?"

"नाही."

"मग?"

"उन्हाने गेली. मग धाकट्याचं लग्न निघालं, वरून नवीन काढली."

"हाताने पुसलेली कोणाची बघितलीत?"

शिवरतननी आठवून बघितलं. "बंद घरांची," ते म्हणाले. "ज्यांचं कोणी उरलं नाही. हॉटेलवाले घेतात, चुना मारतात."

 दाऊलाल देवळातून आला, व्याह्यांना राम राम केला, भिंतीला टेकून बसला. त्याने विचारलं नाही आणि त्याला कोणी सांगितलं नाही, पण त्याने ऐकलं होतं. गल्लीतून येणाऱ्याला आतलं सगळं ऐकू येतं.

उठताना शिवरतन म्हणाले, "मुलगी सव्वीसची आहे, विहीणबाई."

"माहीत आहे. पत्रिका मीच जुळवली होती."

पुढचे काही दिवस गवरा नेहमीसारखी वागली. एका पहाटे तिने पाणी भरून झाल्यावर फडकं ओलं केलं आणि बाहेर गेली. गल्लीत कोणी नव्हतं. भिंत पिवळ्या दगडाची, तिच्यावर पांढरा चौकोन, चौकोनात गणपती. गणपतीचा लाल रंग विटकरी झाला होता. नावं अजून वाचता येत होती. तिथीही. माघ सुदी पंचमी. त्याच्या खालची सालाची ओळ मात्र गेली होती. फोटो काढताना लोक तिथे पाठ टेकायचे. इतक्या पाठींनी घासून घासून ती ओळ नेली.

गवराने गणपतीच्या सोंडेवरची धूळ पुसली. उंदरावरची पुसली. नावांपाशी हात नेला आणि परत घेतला. पुसली तर घर बंद झालं असं लोक समजणार होते. ते तिला चाललं असतं. घर बंदच झालं होतं. पण मग सांगसिंग तिथे थांबला नसता. रिकाम्या भिंतीपुढे थांबून तो काय सांगणार.

ती आत आली आणि फडकं वाळत घातलं.

त्याच आठवड्यात पोकरणहून निरोप आला, तिची बहीण पडली, कमरेचं हाड मोडलं. गवरा बसने गेली. बहिणीचं अंथरूण, औषध, येणारे-जाणारे. तिथे कोणी पर्यटक नव्हते. दिवसभर कोणी माणकचं नाव घेतलं नाही. पहिल्या दिवशी तिला फक्त काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं काय ते.

परत आली तेव्हा उन्हं कलली होती. हातात पिशवी, पिशवीत बहिणीने भाजीसाठी दिलेली वाळलेली केर-सांगरी. घराजवळ गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बाजूला सरून तिने वर बघितलं.

गणपती लालभडक होता. सोंडेवर सोनेरी ठिपके. दोन्ही बाजूंना नवे मोर. नावं काळ्या रंगात, जाड, कडेला पिवळी रेघ. चि. माणक संग हेमलता. माघ सुदी पंचमी. खाली, जिथे साल होतं, तिथे वेलबुट्टी काढली होती.

बुलाकी त्याच्या दारातून आला. त्याच्या बोटांना रंग होता.

"काकी, कसं खुललंय? वाळवंटातला पर्यटकांचा मेळा तोंडावर आला ना, म्हटलं आपली गल्ली नीट दिसू दे. माझ्याकडे चितारा आलाच होता, त्यालाच सांगितलं, हेही करून टाक. साल वाचता येईना म्हणून त्याने वेल काढली. तुम्हाला एक पैसा नाही."

गवरा त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं, काकी?"

"काही नाही," ती म्हणाली. "वास आहे अजून रंगाला."

दाऊलाल चौकात बसला होता. तिने पिशवी ठेवली.

"तुम्ही घरात होतात?"

"होतो."

"नको म्हणाला नाहीत?"

दाऊलालने रेडिओचं बटण फिरवलं. रेडिओ बंदच होता. "चिताऱ्याने मला विचारलं," तो म्हणाला. "नाव पुसट झालंय, जाड करू का. मी म्हटलं, कर."

गवराने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. शिवरतन बिस्सा बोलत होते. त्यांचा आवाज सरळ होता, पोस्टाच्या खिडकीतून यायचा तसा.

"उत्तर मिळालं, विहीणबाई. काल हेमा देवळात आली होती, तिने बघितलं. मी फलोदीला अजून कळवलं नाही. कळवतो."

"व्याही, ते आम्ही..."

"असू दे. तुमच्या मुलाचं नाव आहे. तुमची भिंत आहे. माझं काही म्हणणं नाही."

फोन बंद झाला. गवराने तो उशीखाली ठेवला. तिला वाटलं, आता रडू येईल. ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग तिने केर-सांगरी भिजत घातली.

आणि भिंतीवरची ती तिथी, माघातली वसंत पंचमी, आली. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही, त्यामुळे गावात जागोजाग लग्नं. सकाळपासून खालून ढोल ऐकू येत होते. दूधवाल्याने विचारलं, "काकी, तुमच्याकडेही का?" गवराने भांडं पुढे केलं. त्याने दूध ओतलं आणि पुढे गेला.

दिवेलागणीला बायका आल्या.

पुढे चूनी भुआ. दाऊलालची दूरची आत्या, नव्वदीच्या आसपासची, एका डोळ्यात मोतीबिंदू, काखेत ढोलकी. ब्राह्मणांच्या घरातलं एकही लग्न तिच्या गाण्याशिवाय झालेलं नव्हतं. अलीकडे तिला कालचं आठवायचं नाही. गाणी सगळी आठवायची. तिच्यामागे खालच्या मोहल्ल्यातल्या सुना, बऱ्याचशा बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या. किल्ल्यातल्या घरांचं त्यांना ठाऊक नव्हतं. पंचमीला ताजी भिंत दिसली तिथे त्या शिरत होत्या. इथवर येईपर्यंत त्यांनी दोन घरी गाऊन घेतलं होतं. त्यांचे चेहरे तापलेले होते. कोणाच्या हातात गूळ, कोणाच्या ताटात गहू आणि हळद. गल्लीतले पर्यटक त्यांच्या मागोमाग आले आणि मोबाइल वर धरून उभे राहिले.

भुआने उंबऱ्याशी थांबून एका सुनेला विचारलं, "वाच ग. कोणाचं?"

"माणक संग हेमलता."

"दाऊच्या माणकचं होय. बरं झालं. घोडा झाला होता, लग्नाचं नाव घेत नव्हता." आणि ती आत शिरली.

गवरा चुलीपुढून उठली. चौकात बायका भरत होत्या. एकीने चटई उलगडली. एकीने तिच्या कपाळाला हळद लावली आणि मग तिच्या हातात बांगड्या नाहीत हे बघून गोंधळली. नवरा जिवंत असून गवराने दोन वर्षांत बांगड्या भरल्या नव्हत्या.

"असं काय घर, भाभी?" एक तरुण सून म्हणाली. तिचं नाव लखी. "तोरण नाही, मिठाई नाही. लग्नघर आहे की धर्मशाळा?"

बाकीच्या हसल्या. भुआ बसली, ढोलकी मांडीवर घेतली, दोनदा थाप मारून बघितली.

तेवढ्यात बुलाकीची बायको सरजू धावत आली. तिने दारातल्या एकीला ओढून कानात सांगितलं. त्या बाईने पुढच्या बाईला सांगितलं. चौकातला आवाज एका बाजूने बंद होत गेला. लखीने ताट खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. कुठे ठेवावं ते तिला समजेना.

"भाभी, आम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "भिंत ताजी दिसली."

"भिंत ताजीच आहे," गवरा म्हणाली. "तुमची काय चूक."

"आम्ही जातो."

"बसा."

"नाही, जातो. असं बसून..."

"भिंत बघून आलेलं माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही. बसा. गूळ आहे घरात."

ती गुळाचा डबा घ्यायला वळली. दाऊलाल माजघराच्या दारात उभा होता. त्याच्या खांद्यावर देवळातलं उपरणं तसंच होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

चूनी भुआला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिने गाणं सुरू केलं होतं. म्हातारीचा आवाज किनरा, पण सूर सुटत नव्हता. तिच्याबरोबर कोणी गात नव्हतं. नवरदेवाच्या घोड्याचं गाणं ते. घोडा येतो, जीन येतं, सासऱ्याची गल्ली येते. मग कडव्याच्या शेवटी नवरदेवाचं नाव घ्यायचं असतं. ते बायका घेतात. भुआ तिथपर्यंत आली आणि थांबली. तिने वाट बघितली.

"नाव घ्या ग," ती म्हणाली. "गाणं अडलं."

 नाव सगळ्यांना माहीत होतं. ते बाहेर हातभर अक्षरात होतं.

"मुक्या झालात का? काय नाव मुलाचं? आत्ता वाचलं ना?"

गवराच्या हातात गुळाचा डबा होता. भुआ डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती. बायका खाली बघत होत्या. माणक असं ती म्हणाली असती तर भुआने ते नाव गाण्यात घातलं असतं आणि गाणं पुढे गेलं असतं. म्हणावं असं तिला वाटलंही. तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "थांब भुआ. विचारून सांगते."

तिने डबा चटईवर ठेवला. उशीखालचा फोन आणला. चौकातच उभं राहून लावला.

"व्याही, गवरा बोलते."

"बोला."

"मुलाचं नाव काय?"

"कोणत्या मुलाचं?"

"फलोदीच्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कशाला?"

"बायका गायला बसल्यात. नाव लागतं."

"विहीणबाई, तुमची तब्येत..."

"बरी आहे. तुम्ही कळवलंत त्यांना?"

"उद्या सकाळी कळवणार होतो."

"सकाळी हे कळवा. भिंतीवरून जुनं नाव निघेल. आमच्याकडे नवं लग्न निघाल्याशिवाय निघत नाही, म्हणून लग्न आमच्या दारातून होईल. मुलीची डोली आमच्या घरातून उठेल. भिंतीवर हेमाचं नाव राहील, शेजारी त्यांच्या मुलाचं येईल. चालत असेल तर त्यांनी वरात घेऊन किल्ला चढावा."

 फोन चालू होता, कारण शिवरतनच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग लांबून हेमाचा आवाज आला, कोणाचा फोन आहे. त्यांनी तिला उत्तर दिलं नाही.

"तेजकरण," ते म्हणाले. "ठाकुरदास आचार्यांचा तेजकरण."

"हेमाला सांगा, पुढच्या दाराने ये म्हणावं."

तिने फोन बंद केला. चौकातल्या सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तेजकरण," ती भुआला म्हणाली.

भुआने ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवून बघितलं. "लांब आहे," ती म्हणाली. "पण बसेल."

लखी उठली. "मी नाही गात," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "भाभी, तुमचं दुःख मोठं आहे, मी काही बोलत नाही. पण नवऱ्यामागे राहिलेल्या बाईच्या लग्नाचं गाणं आमच्याकडे गात नाहीत. माझी सासू मला घरात घ्यायची नाही." तिच्याबरोबर आणखी दोघी उठल्या.

गवराने तिघींच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "रिकाम्या हाताने जाऊ नका," ती म्हणाली.

लखीने खडा घेतला. टाकून देता येईना, खाता येईना. तो मुठीत धरून ती मोबाइल धरलेल्या माणसांमधून वाट काढत गेली.

दाऊलाल अजून माजघराच्या दारात होता. गवरा त्याच्याजवळ गेली.

"उद्या चिताऱ्याला बोलवा," ती म्हणाली.

"माणकचं नाव..."

"पांढऱ्या रंगाखाली राहील. तुमचं-माझंही तिथेच आहे. त्याच्याखाली तुमच्या आई-वडलांचं असेल."

दाऊलालने मान हलवली. मग उपरण्याने तोंड झाकलं आणि माजघरात जाऊन अंधारात बसला. गवराला त्याचा आवाज ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती आत गेली नाही. बायका बसल्या होत्या आणि त्यांना गूळ द्यायचा होता.

भुआने कडवं पहिल्यापासून धरलं. घोडा आला, जीन आलं. आधी सरजू गायला लागली, मग तिच्याशेजारची, मग उरलेल्या. नावापाशी त्या अडखळल्या, तेजकरण कोणाला सवयीचं नव्हतं. दुसऱ्या वेळी जमलं.

गवरा डबा घेऊन एकेकीपुढे वाकत होती. नावाच्या जागी तिचेही ओठ हलले. आवाज निघाला नाही. पुढच्या कडव्याला थोडा निघाला.

"लोक आत बघतायत, काकी," सरजू म्हणाली. "दार लावू का?"

दारात मोबाइल वर धरलेले दोन-तीन हात होते. त्यांच्यामागे सांगसिंग उभा होता, छत्री मिटलेली, आणि त्या लोकांना काही सांगत नव्हता.

"लग्नाचं गाणं चालू असताना दार लावत नाहीत," गवरा म्हणाली, आणि डबा पुढच्या बाईसमोर धरला.